चित्रपटांतील उमेदवारी

विदर्भांतील एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत माझ्या हातीं आलें. पत्र तीन पानांचें असून त्यांतील पहिलीं दोन पानें क्षमायाचनेंतच खर्ची पडलेलीं आहेत. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांना नट व्हावयाचें आहे. घरांत सासरे वकील, थोरले दीर डॉक्टर, यजमान बँकेंत. अशा घरांत हा विषय पंक्तींत निघाला कीं पानांतला भात निवून जातो, असें त्या लिहितात. तिसऱ्या पानावर मात्र प्रश्न अगदीं नेमका आहे. मुलानें महाविद्यालयाच्या एकांकिकांतून कामें केलीं आहेत, परंतु चित्रपटाचें काम प्रत्यक्ष कसें चालतें तें त्यानें एकदांहि पाहिलेलें नाहीं. काम मागावयास जावें तर 'अनुभव आहे का?' असें विचारतात, आणि अनुभवासाठीं जावें तर 'पूर्वीं कोठें काम केलें आहे?' असें विचारतात. तेव्हां हा पहिला अनुभव मिळावयाचा तरी कोठें? मुंबईच्या एका संस्थेनें तो मिळवून देण्याचें कबूल करून साठ हजार रुपये मागितले आहेत, ते भरावे कीं न भरावे?

या सदरांत आजवर मीं मुलांचें पाठांतर, सुनांचें वाचन, म्हाताऱ्यांचा हट्ट अशा घरगुती विषयांवर लिहीत आलों. चित्रपटावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? मी जुन्या अकरावीचा विद्यार्थी, वाईच्या पाठशाळेंत चार वर्षें बसून थोडें व्याकरण आणि थोडें काव्य शिकलेला, आणि पुढें सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेला मास्तर. तथापि या एका प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक आहे. कारण तें मीं चाळीस हजार रुपयांस विकत घेतलेलें आहे. म्हणून त्या भगिनींना पहिल्याप्रथम एवढेंच सांगतों कीं, पैसे भरूं नका. पुढचें सावकाश वाचलें तरी चालेल.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या हिशेबानें माझाहि नातूच, २०२३ सालीं बारावी होऊन वाणिज्य शाखेंत गेला. गणेशोत्सवांतील नाटकांत त्याचें काम बरें होत असे. त्या वर्षींच्या दिवाळीनंतर एके दिवशीं दुपारीं तो माडीवर माझ्याकडे आला आणि दार लोटून घेऊन म्हणाला, "अण्णाआजोबा, मुंबईहून बोलावणं आलंय. पण घरात कुणाला सांगू नका." अंधेरीकडील एक कचेरी होती. तेथें छायाचित्रें काढावयाचीं, नांव नोंदवावयाचें, एक 'कार्ड' मिळावयाचें, आणि तीन महिन्यांच्या आंत प्रत्यक्ष सेटवर उभें राहावयाचें, असा एकंदर बेत. घरांतील सर्वांना सोडून मुलगा आपल्याकडे आला या अभिमानानें मी फुगलों, हें मला येथें कबूल केलें पाहिजे. घरांतला एकटा उदारमतवादी वृद्ध म्हणून मिरविण्याची हौस मला होतीच. निवृत्तिवेतनाच्या फरकाची रक्कम नुकतीच हातीं आली होती. ती घेऊन आम्ही आजा-नातू एस्. टी. नें मुंबईस गेलों.

कागद न वाचतां सही करूं नये हें वाक्य मीं किती मुलांकडून शुद्धलेखनाच्या वहींत लिहवून घेतलें असेल त्याची गणती नाहीं. त्या दिवशीं मात्र कचेरींतील ती थंड हवा, भिंतीवरील नटनट्यांचीं चित्रें, आणि "सर, तुमच्यासारखे आजोबा सगळ्यांना मिळत नाहीत" हें तेथील एका तरुण बाईंचें गोड वाक्य, एवढ्यानें माझें काम झालें. इंग्रजींतील चार पानी कागदावर मीं पालक म्हणून सही ठोकली. छायाचित्रें निघालीं. पुढें दूरध्वनीला उत्तर येईना. तिसऱ्या महिन्यांत मुलगा स्वतः जाऊन पाहतो तों दाराला कुलूप. मग मीं तो कागद भिंग घेऊन वाचला. चाळीस हजार रुपये हे केवळ छायाचित्रांचे होते. काम देण्याविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें.

घरांत कोणी मला बोललें नाहीं. थोरल्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी वाचायचं होतंत." पैसे गेले त्याचें दुःख चार महिन्यांत ओसरलें. परंतु न्हाणीघरांत मोठ्यानें संवाद म्हणणारा तो मुलगा गप्प झाला तें कांहीं केल्या ओसरेना. छायाचित्रांचा गठ्ठा त्यानें माळ्यावर टाकला. महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठीं बोलावणें आलें तेव्हां अभ्यासाचें निमित्त सांगून तो गेला नाहीं. आपण फसलों यापेक्षां आपल्यामुळें आजोबा फसले, हें त्याच्या मनानें घेतलें होतें. एक वर्ष असें गेलें.

वाईकरांना चित्रपटाचें नवल राहिलेलें नाहीं. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आणि त्याखालचा कृष्णेचा घाट 'स्वदेस' (२००४) मध्यें साऱ्या देशानें पाहिला. पुढें 'दबंग' (२०१०) आणि इतर किती तरी आले नि गेले. २०२४ च्या मार्गशीर्षांत एक लहानसा मराठी चित्रपट मेणवलीस आला. सारी मिळून पन्नास-साठ माणसें, आणि अकरा दिवसांचा मुक्काम. त्यांना सकाळचा नाश्ता पुरविणारा गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. तो संध्याकाळीं घरीं येऊन म्हणाला, "सर, दिग्दर्शकाच्या हाताखाली दोन स्थानिक पोरं हवीत. माणसं गोळा करायची, घरोघर परवानगी मागायची, सांगतील ते उचलायचं. दिवसाला पाचशे रुपये आणि जेवण. नातवाला पाठवता?"

मुलगा म्हणाला, "मला नट व्हायचं होतं. ओझी उचलायला कशाला जाऊ?"

त्यावर वहिनी, ज्या वर्षभर या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या, माजघरांतूनच म्हणाल्या, "ओझी उचलता उचलता नट काय करतात ते तरी बघशील. इथं बसून कोण दिसणार आहे तुला?"

तो गेला. तिसऱ्या दिवशीं मला राहवेना. मफलर विसरला हें निमित्त काढून मीहि गेलों, आणि घाटाच्या पायऱ्यांवर एका बाजूस बसून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाहत राहिलों. आजवर चित्रपटगृहांत बसून जें पाहिलें होतें त्यापेक्षां हें सर्वस्वीं निराळें होतें.

पहिली गोष्ट अशी कीं गोष्ट क्रमानें चालत नाहीं. शाळेंत आपण पहिला धडा आधीं आणि शेवटचा शेवटीं शिकवितों. येथें सूर्य कोणीकडे आहे, नदीला पाणी किती आहे, कोणता नट किती दिवसांसाठीं आला आहे, यांवर सारें ठरतें. त्या सकाळीं कथेचा शेवट चित्रित होत होता. त्याचा आरंभ म्हणे पुढच्या आठवड्यांत. मुलगा मेल्याची बातमी जिनें अद्याप ऐकलेलीच नाहीं, त्या आईनें त्याच्या मृत्यूनंतरच्या दहाव्या दिवसाचें दुःख आज दाखवावयाचें. रंगभूमीवरील नटाला पहिला अंक दुसऱ्या अंकांत हात धरून नेतो. येथें नटानें सारी कथा पोटांत बाळगून, आपण तिच्या कोणत्या पायरीवर उभे आहोंत हें प्रत्येक वेळीं आपलें आपण शोधावें लागतें.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. प्रसंग दीड मिनिटाचा. त्याला साडेचार तास लागले. आधीं दुरून सर्वांना मिळून घेतात, त्याला 'मास्टर' म्हणतात. मग तोच प्रसंग एकेकाच्या तोंडावर जवळून, त्याला 'क्लोज'. त्या वृद्ध नटीनें पहिल्या खेपेस विशिष्ट शब्दावर डाव्या हातानें कळशी उचलली. मग पुढच्या साऱ्या खेपांत त्याच शब्दावर, त्याच हातानें, तितक्याच उंचीवर ती उचलली गेली पाहिजे. नाहीं तर हे तुकडे पुढें एकमेकांस जुळत नाहींत. एक मुलगी वही नि मोबाइल घेऊन हीच टिपणें ठेवीत बसलेली होती. पदर कोणत्या खांद्यावर, कळशींत पाणी किती, कपाळावरचें कुंकू कोठें फिसकटलेलें. या कामाला 'कंटिन्युइटी' म्हणतात. मी मनांत म्हटलें, ही तर पदपाठ राखणारी वैदिक! एका स्वराची चूक म्हणजे सारा मंत्र वाया.

नटाच्या पायाशीं जमिनीवर रंगीत पट्टी चिकटविलेली असते. भिंगाचा नेम तेवढ्याच अंतरावर लावलेला असल्यामुळें वीतभर पुढें गेलें तरी चेहरा धूसर होतो. आणि गंमत अशी कीं त्या पट्टीकडे खालीं पाहावयाचें नाहीं, पण उभें मात्र तेथेंच राहावयाचें. चित्रणाच्या आरंभीं जी पाटी कॅमेऱ्यापुढें आपटतात ती मला लहानपणापासून एक प्रकारचा मंगलविधि वाटत आली होती. तसें नव्हे. चित्र एका यंत्रावर आणि ध्वनि दुसऱ्या यंत्रावर घेतलेला असतो. पाटीच्या दोन फळ्या मिटतांना दिसतात तो क्षण आणि त्यांचा आवाज येतो तो क्षण जुळविला कीं दोहोंची गांठ पडते. इतकी साधी युक्ति, आणि मला ती सदुसष्टाव्या वर्षीं कळली.

आमच्या गांवचे एक गृहस्थ, हौशी रंगभूमीवर नांव मिळविलेले, त्या दिवशीं सरपंचाची लहानशी भूमिका करीत होते. त्यांनीं पहिलेंच वाक्य असें फेंकलें कीं पलीकडच्या तीरावरील बगळे उडाले. दिग्दर्शक तरुण होता, पण बोलला फार आदरानें. "काका, तुम्ही शेवटच्या रांगेला ऐकवताय. इथं शेवटची रांग तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर आहे." आमच्या नातवाच्या वहींत हें वाक्य त्या रात्रीं दोन रेघा ओढून लिहिलेलें मीं पाहिलें. ज्या भगिनींचा मुलगा एकांकिका करून आला आहे, त्याच्यासाठीं मीहि तें येथें लिहून ठेवतों.

पांचव्या दिवशीं प्रकाशयोजनेच्या माणसांपैकीं एक तापानें आडवा झाला, आणि मुलाच्या हातीं थर्माकोलचा एक मोठा पांढरा फळा देण्यांत आला. ऊन त्यावर घेऊन तें नटीच्या सावलींतल्या गालावर परतवावयाचें. हात हलला तर गालावरचा उजेड हलतो, म्हणून निश्चल उभें राहावयाचें. दुपारचे तीन तास तो उभा होता. घरीं आला तेव्हां त्याचे दंड भरून आले होते, आणि एका वर्षानंतर प्रथमच तो रात्रीं अकरापर्यंत बोलत बसला. त्या नटीपासून तो तीन फुटांवर होता. चार वेळां ती त्याच शब्दावर रडली, आणि मधल्या वेळांत त्याला विचारीत होती, "दमलास का रे? जरा टेकव ना तो." त्यानें धीर करून तिला विचारलें कीं अश्रु असे हुकुमावर कसे येतात. ती म्हणाली, "मी रडायचा प्रयत्न करत नाही. रडू नये म्हणून प्रयत्न करते."

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आणि आठ सात्त्विक भावांत अश्रूंची गणना केली. सत्त्व हें मनापासून, मन एकाग्र झाल्यानें उत्पन्न होतें, असें त्यांचें प्रतिपादन आहे. हें मीं पाठशाळेंत पाठ केलें, मुलांनाहि सांगितलें. त्याचा अर्थ मात्र मला त्या रात्रीं, दंडाला तेल चोळून घेत बसलेल्या एका वीस वर्षांच्या मुलाकडून समजला.

तो पांढरा फळा ऐकून मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेबांनीं 'राजा हरिश्चंद्र' केला तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. त्या चित्रपटाच्या वेळीं सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, फिल्मच्या कडांना भोकें पाडीत, ती धूत, आणि उन्हांत तासन् तास पांढरी चादर धरून उभ्या राहत. नटांच्या अंगावर उजेड परतवावा म्हणून. म्हणजे या देशांतील चित्रपटाचें पहिलें थर्माकोल एका गृहिणीनें धरलेलें आहे. आमच्या वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "आणि स्वयंपाक कोण करत होतं त्या वेळी? तीच ना?"

त्याच चित्रपटांत तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत नोकरीला होते. 'लंकादहन' (१९१७) मध्यें राम नि सीता दोन्ही तेच झाले, आणि पुढें ते छायाचित्रणाकडे वळले. व्ही. शांताराम गंधर्व नाटक मंडळींत पडद्यामागें किरकोळ कामें करीत होते. १९२० च्या सुमारास कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत शिरले तेहि पडेल तें काम करण्यासाठींच. राज कपूर पृथ्वीराजांचे चिरंजीव, तरी केदार शर्मांच्या हाताखालीं पाटी आपटीत होते. याला आपल्या भाषेंत उमेदवारी असा सुंदर शब्द आहे. सुताराकडे, वैद्याकडे, वकिलाकडे पूर्वीं मुलें उमेदवारी करीत. कारखान्याच्या झाडलोटीपासून आरंभ होई आणि विद्या आपोआप डोळ्यांवाटे आंत शिरे. नाट्यशास्त्राच्या शेवटच्या भागांत नाटकमंडळींत कोण कोण मोडतात त्याची यादी आहे. तींत नट आणि सूत्रधार यांच्या पंक्तीसच मुकुट करणारा, दागिने करणारा, माळा गुंफणारा, कपडे धुणारा-रंगविणारा, हे सारे बसलेले आहेत. मुनींनीं त्यांना निराळें पान मांडलेलें नाहीं.

सारेंच गोड झालें असें नव्हे. आठव्या दिवशीं मुलाला गर्दींत उभें केलें. डोक्यावर गोणी घेऊन मागून जावयाचें, एवढेंच काम. तो नेमका कॅमेऱ्याकडे पाहून गेला. पुढें चाललेला प्रसंग उत्तम वठला होता, तो फुकट गेला; साऱ्या घाटादेखत त्याला जें ऐकावें लागलें तें या मासिकांत छापण्यासारखें नाहीं. जेवतांना त्यानें तें आपण होऊन सांगितलें. मला तें ऐकून बरें वाटलें. फसवणुकीच्या वर्षांत तो आपण होऊन कांहींच सांगत नसे.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळतों.

चित्रीकरण गांवीं आलें तर उत्तमच. पण सर्वांच्या गांवांत मेणवली नसते. दुसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या चित्रपटांचा. पुण्यास प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेंत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून लहान लहान चित्रपट करावे लागतात आणि त्यांसाठीं बाहेरचे नटहि लागतात. मोठ्या शहरांतील ज्या महाविद्यालयांत हा विषय शिकवितात तेथेंहि तीच गरज असते. येथें द्रव्य फारसें मिळत नाहीं, प्रवासखर्च व जेवण मिळालें तरी पुष्कळ. परंतु कॅमेरा खरा, ध्वनियंत्र खरें, शिस्त खरी. आणि चूक झाली तर ती विद्यार्थ्याची विद्यार्थ्यापुढें. आमचा नातू २०२५ च्या पावसाळ्यांत अशा एका चित्रपटांत चार दिवस होता. दोन वाक्यें बोलला आणि उरलेल्या वेळांत केबल गुंडाळल्या. चित्रण करणारीं हीं मुलेंच दहा वर्षांनीं मोठीं होतात आणि ज्यानें वेळेवर येऊन कुरकुर न करतां काम केलें त्याची आठवण ठेवतात.

त्यांच्याकडे जातांना चाळीस हजारांचीं छायाचित्रें नेऊं नयेत. खिडकीच्या उजेडांत मोबाइलनें घेतलेलीं दोन साधीं छायाचित्रें, एक तोंडाचें व एक पूर्ण अंगाचें. वय, उंची, येत असलेल्या भाषा आणि अवगत कला लिहिलेलें एक पान. आणि एक मिनिटाचें साधें बोलणें चित्रित करून ठेवलेलें, एवढें पुरे. पोहणें, सायकल, तबला, वऱ्हाडी बोली, जें खरोखर येत असेल तें लिहावें. वऱ्हाडी तर अवश्य लिहावी. घरांत तिची लाज वाटत असली तरी चित्रपटाला ती हवी असते. नागराज मंजुळे यांनीं 'झुंड' (२०२२) नागपुरास जाऊन तेथल्याच मुलांना घेऊन केला. 'सैराट' (२०१६) ची नायिका अकलूजची शाळकरी मुलगी होती, हेंहि खरें. परंतु असे दाखले मुलें घरांत भांडतांना पुढें करतात त्यांना सांगावें कीं लाखांत एकाला सांपडलेली वाट ही वहिवाट नव्हे.

पैशाविषयीं माझें मत कडवट झालेलें आहे आणि तें तसेंच राहील. काम देणारा पैसे देईल, क्वचित् देणार नाहीं; पण काम देण्यासाठीं जो पैसे मागतो त्याच्यापाशीं काम नसतें. शिकविण्याची फी निराळी. तेथें शिक्षक कोण, तास किती, पूर्वींचे विद्यार्थी कोठें आहेत, हें विचारून ती द्यावी. सेटवर उभें करण्याची फी नसते. उलट दुसरीहि एक लूट चालते. पैसेवाल्या कंपन्या 'अनुभव मिळेल' म्हणून मुलांना महिनेच्या महिने फुकट राबवितात. उमेदवारीलाहि पोटापुरतें मिळालें पाहिजे.

गर्दींत काम करणाऱ्या कलावंतांचा मुंबईंत मोठा वर्ग आहे, त्यांची स्वतंत्र संघटनाहि आहे. त्यांची चूल त्या रोजावर पेटते. दोन दिवसांच्या हौसेसाठीं त्यांच्या पंक्तींत घुसून एखाद्याचें पान ओढूं नये. आपल्या गांवीं गांवकरी म्हणून उभें राहण्यास हरकत नाहीं.

मुलींच्या आईबापांसाठीं दोन शब्द. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. जेथें दहा किंवा अधिक माणसें कामास आहेत तेथें तक्रार ऐकणारी समिति असलीच पाहिजे. समितीच्या अध्यक्षा कोण, हें पहिल्याच दिवशीं सरळ विचारावें. उत्तर देतांना समोरचा अडखळला तर तेंहि एक उत्तरच. निवडीसाठीं हॉटेलच्या खोलींत बोलावणें आलें तर जाऊं नये. केरळांतील चित्रपटव्यवसायाविषयींचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. सुशिक्षित घरांतून तो वाचला जावा असें मला वाटतें. मात्र तो वाचून मुलींना घरांत कोंडूं नये. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर' मध्यें दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. पुढें विक्रम गोखल्यांच्या या पणजी आणि आजी म्हणून त्यांचें नांव आपण कौतुकानें घेतों. तेव्हां मात्र पुरुषहि स्त्रीभूमिकेला लाजत होते.

लहान मुलांच्या बाबतींत २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. दिवसांत पांच तासांहून अधिक काम नाहीं, विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक नाहीं, ओळीनें सत्तावीस दिवसांहून अधिक नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानें घेतली पाहिजे. आणि मिळकतीचा निदान पांचवा हिस्सा मुलाच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतीनें ठेवला पाहिजे. ज्या घरांतून मुलांच्या मिळकतीवर नवीन पंखे आले तेथल्या पालकांनीं हें वाचून घ्यावें.

सेटवर कसें वागावें हें मुलाला मीं विचारलें तेव्हां त्यानें आपली वही दाखविली. मोबाइल बंद, नुसता मुका नव्हे. आवाज न करणाऱ्या वहाणा. कोणा नटाबरोबर छायाचित्र मागावयाचें नाहीं, आणि तेथलें कोणतेंहि चित्र बाहेर दाखवावयाचें नाहीं. प्रकाशाच्या वायरी ओलांडतांना खालीं पाहावें. जेवण आलें कीं जेवून घ्यावें, मग केव्हां मिळेल सांगतां येत नाहीं. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'थांबणें' असा एकच शब्द होता. त्याचा खुलासा मीं मागितला नाहीं.

मेणवलीचा तो चित्रपट गेल्या दिवाळींत साताऱ्यास आला. आम्ही घरचीं चौदा माणसें दोन मोटारी करून गेलों. गोणी घेऊन जाणारा आमचा मुलगा दोन क्षण दिसला; या खेपेस त्यानें समोर पाहिलें नव्हतें. पण वहिनींचें लक्ष तिकडे नव्हतेंच. ती म्हातारी आई घाटावर बसली आणि तिच्या गालावर ऊन आलें तेव्हां त्या मला कोपरानें ढोसून हलकेंच म्हणाल्या, "भावजी, तो उजेड बाळाचा."

येत्या एप्रिलांत त्याची पदवीची शेवटची परीक्षा आहे. पुण्याच्या त्याच विद्यार्थ्यांपैकीं एकानें त्याला नव्या चित्रपटांत, या खेपेस बऱ्याशा भूमिकेसाठीं, बोलावलें आहे. चित्रण सोमवार ते बुधवार; लेखाकर्माचा पेपर मंगळवारीं. पुतण्या म्हणतो परीक्षा, वहिनी म्हणतात तारीख बदलून मागा, मुलगा कांहींच न बोलतां माझ्याकडे पाहतो. त्यानें त्या विद्यार्थ्याला पत्र लिहून मंगळवार तेवढा मोकळा मागितला आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.